मधली खाच

जयमालाबाईंनी हात मागं घेतला तो काही बघून नव्हे, बोटांना वारा लागला म्हणून. चाकणच्या त्या कंपनीत सात नंबरच्या प्रेसवर नऊ वर्षं काढलेली बाई. पत्रा ठेवायचा, हात काढायचा, पायानं पेडल दाबायचं, हे सगळं त्यांना भाकरी थापण्याइतकं अंगवळणी पडलेलं. प्रेस खाली येते ती धाडकन येते, पण मधे कुणाचं बोट जरी आडवं आलं तरी जागच्या जागी थबकते, कारण तिच्या तोंडाशी किरणांचा एक न दिसणारा पडदा आहे आणि तो बोट ओळखतो. दसऱ्याची सुट्टी संपून त्या सकाळी पहिल्याच पाळीला पत्रा जरा तिरका बसला, बाईंनी सवयीनं बोट पुढं केलं, आणि प्रेस थांबली नाही. हातमोज्याचं टोक तेवढं चिमटीत सापडलं. बोट वाचलं ते बाईंच्या नशिबानं. त्यांनी मोज्याचं ते चपटं टोक मेंटेनन्सच्या गणराजपुढं धरलं आणि चक्क हसल्या. "साहेब, पडदा आज येळंवर जागा व्हत न्हाई बगा. सुट्टीतनं आलाय न्हवं, आळसावलाय." ते हसणं गणराजच्या डोक्यातून जाईना. बाई रडली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर त्याला सोपं गेलं असतं.

त्यानं प्रेस बंद केली, लाल पाटी अडकवली आणि पॅनेल उघडून लॅपटॉप जोडला. पॅनेलमधे विटेएवढी एक पेटी असते, कंट्रोलर. प्रेसनं कधी उतरायचं, कधी थांबायचं, पडद्याचं कधी ऐकायचं, सगळं ती ठरवते. आता प्रेस वर जाताना धोका नसतो, म्हणून तेवढ्यापुरता पडदा बंद ठेवायचा, म्हणजे बाईंना माल काढता येतो. त्यासाठी प्रोग्राममधे एक आकडा आहे, एकशे ऐंशी अंश, म्हणजे प्रेसच्या चाकाचा अर्धा फेरा. प्रेस पार तळाला टेकली की मगच पडदा बंद, असा त्याचा अर्थ. तिथं एकशे तीस होतं. म्हणजे प्रेस अजून खाली येतेय आणि पडदा आधीच आंधळा! शेजारी शेवटच्या बदलाची वेळ होती: खंडेनवमी, सकाळी अकरा बेचाळीस. गणराजनं चष्मा काढून शर्टाला पुसला, परत लावला. अकरा बेचाळीसच.

आणि अकरा बेचाळीसला तर सगळी कंपनी हात जोडून उभी होती. खंडेनवमीला मशीन चालत नाही, हत्याराला हात लावायचा नाही. हत्यारानं वर्षभर आपल्यासाठी खपायचं आणि त्या दिवशी आपण त्याच्या पाया पडायचं. मेंटेनन्सच्या पाटावर पाने, मल्टिमीटर, लॅपटॉप, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडू. गणराजला त्या दिवसाचं लहानपणापासून वेड. उदगीरला त्याचे वडील डाळ मिलमधे फिटर होते. वर्षभर कुणालाही हात लावू न देणारा तो माणूस खंडेनवमीला आपला मोठा पाना स्वतः तेलानं पुसून पोराच्या हातात द्यायचा, पाटावर ठेव म्हणायचा. तेवढा एकच दिवस वडिलांचे हात आणि त्याचे हात एका वस्तूवर असायचे. तर सांगायचं असं, की त्या वेळी झाडून सगळे पूजेला होते. बाहेर होता तो एकटा धम्मरत्न, मेंटेनन्समधलाच. तो दर वर्षीच बाहेर असतो, मेंटेनन्सच्या दारापाशी चहाचा कप घेऊन. बौद्ध घरातला माणूस, पूजेला उभा राहत नाही, त्यात नवं काही नव्हतं. नऊ वर्षांत गणराजला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आता दिसायला लागलं.

पण हे लगेच नाही. आधी त्यानं भलभलत्यांवर संशय घेतला. सुपरवायझरनं माल वाढावा म्हणून केलं असेल. कंत्राटावरून काढलेल्या कुणीतरी सूड घेतला असेल. बाईंनीच कुणाला तरी सांगून... छे, बाई कशाला आपलं बोट घालेल! संध्याकाळी कंपनीच्या बसमधे धम्मरत्न नेहमीसारखा त्याच्या शेजारी बसला. नऊ वर्षांची ती सीट, डाव्या हाताची तिसरी; खिडकी धम्मरत्नची, कारण नाशिक फाट्याला गणराज आधी उतरतो आणि हा पुढं पिंपरीला. प्रोग्राम लिहिण्यात हा मुलगा गणराजच्या दहा पावलं पुढं. मुलगा कसला, छत्तीस वर्षांचा बाप्या, पण गणराज त्याच्याहून सहा वर्षांनी मोठा. आणि खरं बोलायचं तर ते दहा पावलं पुढं असणं गणराजला अधूनमधून खुपायचं. हे त्यानं स्वतःपाशीसुद्धा कधी धडपणे कबूल केलं नव्हतं. चौकात कांद्याच्या गाड्या आडव्यातिडव्या लागल्या होत्या, बस मुंगीच्या पावलानं चालली होती.

"सापडलं का काही?" धम्मरत्ननं विचारलं.

प्रश्न साधा होता, पण संशय एकदा शिरला की साधं काही राहत नाही. याला काय घाई? "बघतोय," गणराज म्हणाला.

"चावीचं बघ."

"चावी रनवरच आहे. सकाळीच बघितली."

"आत्ता आहे रे," धम्मरत्न म्हणाला आणि खिडकीतून कांद्याच्या पोत्यांकडं बघत राहिला.

गणराजला चावी आठवली ती तिथं. त्या कंट्रोलरवर एक छोटं कुलूप असतं, त्यात चावी, चावीच्या तीन खाचा. रनवर असली की मशीन चालतं आणि आतलं एक अक्षर कुणाला बदलता येत नाही. मधल्या खाचेत असली की लांबून, वायरीवरून, बदल करता येतो. तिसरी खाच प्रोग्राम लिहायची. जूनमधे हिंजवडीच्या एका कंपनीतून श्रद्धा नावाची पोरगी आली होती, कारखान्यांच्या मशीनमधे बाहेरचा माणूस वायरीवरून जिथून शिरू शकेल ती भोकं शोधणं हाच तिचा धंदा. ती म्हणाली होती, "सर, ही पेटी भोळी आहे. वायरीवरून कुणीही आला आणि म्हणाला 'लिही', की ती लिहिते. तू कोण, कुठला, काही विचारत नाही. ती बनवली तेव्हा तिच्या दाराशी एवढी वर्दळ नव्हती. तुमच्याकडं राखण म्हणून काय ती ही चावी. ती रनवर ठेवा, मग देव आला तरी आकडा बदलणार नाही." तेव्हापासून चावी रनवर, तिला लाल चिठ्ठी, 'हात लावू नये'. गणराजनंच लिहिलेली चिठ्ठी. आणि खंडेनवमीला सकाळी, आंघोळ करून आलेल्या गणराजनं, पाटावर सगळी हत्यारं मांडून झाल्यावर, सगळ्यात महत्त्वाची वस्तू राहिली म्हणून पॅनेल उघडलं होतं आणि चावी काढून ताटात ठेवली होती. कुलूप जुनं, झिजलेलं. चावी बाहेर निघते ती फक्त मधल्या खाचेत. हे त्याला माहीत होतं. त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण त्या क्षणी त्याच्या डोक्यात खाच नव्हती, कुंकू होतं. तासाभरानं आरती झाली, चावी परत लावली, रनवर फिरवली, कपाळाला लावलेल्या अक्षता पॅनेलमधे सांडल्या त्या फुंकरीनं उडवल्या. झालं. कुणी बघितलं नव्हतं, असं त्याला वाटत होतं. आणि आता हा म्हणतो, आत्ता आहे रे.

पिंपळे सौदागरला तो सोसायटीच्या लिफ्टमधे शिरला. लिफ्ट सातव्या मजल्यावर थांबली ती बोटभर खाली थांबली. इतकी वर्षं ती तशीच थांबते, लोक अडखळतात, हसतात, घरात जातात. त्या दिवशी तो दार उघडं धरून उभाच राहिला. हिच्याही पोटात अशीच पेटी असणार. हिचा आकडा कुणाच्या हातात आहे? गच्चीवरच्या पाण्याच्या पंपाचा? नाशिक फाट्याच्या सिग्नलचा? एवढ्या मोठ्या शहरात लाखो माणसं कुठल्यातरी आकड्यावर विसंबून पाय पुढं टाकतात, आणि त्या आकड्याला कुणी विचारत नाही की बाबा रे, तुला शेवटचा हात कुणी लावला. रुपालीनं दार उघडलं. "काय झालं? तिथं काय उभं राहिलायलाव?" ती लातूरची, घरात तेवढी भाषा दोघांनी राखली होती. त्यानं काही नाही म्हणून सांगितलं. जेवताना त्याच्या मनात हिशेब असा चालला होता: चावी मी काढली, बरोबर. पण चावी काढली म्हणजे आकडा बदलला असं नाही. दार उघडं राहिलं म्हणून कुणी चोर होत नाही. आत जो शिरला तो चोर. मग शिरला कोण? ज्याला चावी काढल्याचं माहीत होतं तो. आणि ते माहीत असलेला एकच माणूस आज बसमधे बोलून बसला. वा! भात तसाच ताटात ठेवून गणराज हात धुवायला उठला, आणि बऱ्याच तासांनी त्याला जरा बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता प्लँटचे प्रमुख अर्जुनराव यांच्या केबिनमधे बैठक. श्रद्धा आली होती. अर्जुनराव मोठ्या मनाचा माणूस, पोरांच्या लग्नाला जातो, आजारपणात गाडी पाठवतो. पण माल घेणारी बडी कंपनी विचारायला लागली की त्यांचा आवाज बारीक होतो. त्या दिवशी तो बारीक होता. श्रद्धा म्हणाली, "वायरीवरून आलंय का, कुठून आलंय, ते शोधायला मला चार-पाच दिवस लागतील. पण एक नक्की. चावी रनवरून हलल्याशिवाय हे होत नाही. चावी कुणी हलवली?"

गणराजला आपल्या हाताच्या बोटांवर कुंकू दिसलं, म्हणजे नव्हतं, पण दिसलं. 'मी' हा शब्द तोंडात तयार होता. एका अक्षराचा शब्द, त्याला काय लागतं! पण त्या शब्दामागं जयमालाबाईंच्या मोज्याचं चपटं टोक उभं होतं, घराचं, रुपालीचं, मुलीच्या शाळेचं सगळं उभं होतं, आणि वडिलांचा पानासुद्धा. पूजेनं माणसाचा हात जात होता, असं म्हणायचं? आणि मग त्याच्या तोंडून, त्यानं बोलायचं ठरवलेलं नसताना, अगदी सहज, माहिती द्यावी तसं एक वाक्य बाहेर पडलं.

"त्या वेळी पूजेला एकच माणूस नव्हता."

त्यानं नाव घेतलं नव्हतं. नावाची गरजच पडली नाही. अर्जुनराव खुर्चीत मागं रेलले आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं." किती पटकन म्हणाले! जणू त्या वाक्याला बसायला जागा आधीच करून ठेवलेली होती. श्रद्धानं काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मग वहीत खाली बघितलं. "कोण?" तिनं शेवटी विचारलं, आणि गणराजनं नाव सांगितलं.

दुपारच्या आत धम्मरत्नचा लॅपटॉप काढून घेतला, गेटपास काढून घेतला. चौकशी होईपर्यंत घरी बसा, सोमवारी निर्णय. निर्णय काय होणार हे शिपायालासुद्धा माहीत होतं, आणि चाकणच्या या पट्ट्यात अशी गोष्ट लपत नाही. बाईचा हात जाईल असं ज्यानं केलं, त्याला पुन्हा कुठल्या कंपनीचं गेट उघडणार नव्हतं. जाताना धम्मरत्न मेंटेनन्सच्या खोलीत आला, आपला डबा घेतला. गणराज स्क्रूच्या ट्रेमधे काहीतरी शोधत होता, काय शोधत होता कुणास ठाऊक. धम्मरत्न क्षणभर थांबला. मग म्हणाला, "सात नंबर चालू करायच्या आधी पडद्यात काठी घालून बघ. तीन वेळा." आणि गेला. बघा, बघा, गणराजच्या मनानं लगेच उचल खाल्ली, कसा शहाजोगपणा! काहीच केलं नसतं तर चिडला असता की.

मग चार दिवस गणराजनं जे केलं त्याला काम म्हणता येणार नाही. तो नऊ वर्षांतला धम्मरत्न उकरत बसला. बसमधली तिसरी सीट आता पूर्ण त्याची होती, खिडकीसकट, आणि तिथं बसून तो जुन्या गोष्टी उलटसुलट करून बघायचा. हा पगारवाढीच्या वेळी गप्प का बसला होता? रात्रपाळी मागून का घ्यायचा? सुट्टीचा अर्ज टाकताना दसऱ्याच्या दिवसाला तो दसरा न म्हणता धम्मचक्र प्रवर्तन दिन म्हणतो, ते नेहमी हसत म्हणतो, त्या हसण्यात काय होतं? संशयाचं असं असतं, त्याला खायला घालायला काहीही चालतं. पण उकरताना नको तेही वर येतं. धम्मरत्नच्या मुलीच्या बारशाला गणराज पिंपरीला त्याच्या घरी गेला होता. पानं मांडली होती. धम्मरत्नची आई कस्तुराबाई स्वतः वाढायला उभी होती. गणराज म्हणाला, आज माझा उपास आहे, आणि फक्त एक केळं खाल्लं. तो शुक्रवार होता. गणराजला शुक्रवारचा उपास कधीच नव्हता. कस्तुराबाई म्हणाल्या, "असू द्या, असू द्या," आणि ताट उचलून नेलं, आणि त्या नेण्यात काही रागबीग नव्हता, सवय होती. हे आठवलं तेव्हा बस मोशीच्या उतारावर होती. गणराजला उठून उभं राहावंसं वाटलं, बस थांबवा म्हणावंसं वाटलं. त्यानं डोळे मिटून घेतले. आपण वाईट माणूस नाही, असं तो स्वतःला सांगत होता. नऊ वर्षं डब्यातली चटणी देत-घेत होतो की आम्ही! मग चटणी चालली आणि पान का नाही चाललं, याचं उत्तर त्याला द्यावं लागू नये म्हणून त्यानं पुन्हा संशय हातात घेतला. पण आता तो पहिल्यासारखा हातात बसेना.

रविवारी सकाळी श्रद्धाचा फोन आला. "सर, सापडलं," ती म्हणाली. तिचा आवाज थकलेला होता. "कुणी नाही केलं." सर्व्हर रूममधे जूनमधेच एक कॉम्प्युटर बसवला होता, सगळ्या मशीनच्या प्रोग्रामची जुनी प्रत जपून ठेवायला. बसवणाऱ्यानं एक खूण चुकीच्या चौकोनात केली होती. नुसतं जपायचं सोडून तो कॉम्प्युटर दर तासाला बेचाळीसाव्या मिनिटाला आपल्याकडची प्रत कंट्रोलरला पाठवत होता, घे म्हणून. सात नंबरची त्याच्याकडची प्रत फार जुनी, प्रेस नवी बसवताना रिकामी फिरवून बघायचे तेव्हाची. त्यात एकशे तीस. जूनपासून अडीच हजार वेळा त्यानं पाठवली आणि अडीच हजार वेळा कंट्रोलर नाही म्हणाला, कारण चावी रनवर. "एकदाच हो म्हणाला, सर. खंडेनवमीला. मी बाकी सगळं लिहिलंय, तुमच्या भागाचा फॉर्म तुम्हाला पाठवलाय. त्यात एकच रकाना महत्त्वाचा. चावी त्या वेळी कुणाकडं होती." मग म्हणाली, "आज संध्याकाळपर्यंत भरून मला द्या. उद्या सकाळी तो माल घेणाऱ्या कंपनीकडं जातो. आणि सर, त्या धम्मरत्न सरांचं काय केलं तुम्ही लोकांनी?"

तुम्ही लोकांनी. गणराजनं तासाभरात फॉर्म छापून घेतला आणि चिंचवडला अर्जुनरावांच्या बंगल्यावर गेला. अर्जुनराव बागेत झाडांना पाणी घालत होते. गणराज उभ्या उभ्याच बोलला, मान खाली घालून, एका दमात: चावी मी काढली, पूजेच्या ताटात ठेवली, ती मधल्याच खाचेत निघते हे मला माहीत होतं. अर्जुनरावांनी नळ बंद केला. गणराज वाट बघत होता, आता हा माणूस ओरडेल. अर्जुनराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "अरे, पूजेचं कशाला मधे आणतोस? ते लोक काय म्हणतील, हे हळदकुंकवावर कारखाना चालवतात. जुनं कुलूप, झिजलेलं होतं, तांत्रिक कारण, असं लिही. तू काय मुद्दाम केलंस का?"

"आणि धम्मरत्न?"

"त्याला आता चार दिवसांत परत घेतला तर आपलंच चुकलं असं दिसेल. राजीनामा देऊ दे, अनुभवाचा दाखला मी चांगला देतो. बरं झालं, तू आलास. चहा घेतोस?"

गणराज चहा न घेता निघाला. गेटाबाहेर आल्यावर त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं, आणि ते उतरलं म्हणून त्याची त्यालाच शिसारी आली. कसला हा न्याय! धम्मरत्ननं काही केलं नाही, तर त्याच्या 'नाही'ला कुणी विचारलं नाही. आणि मी केलं म्हणतोय, तर माझ्या 'हो'ला कुणी घेत नाही. त्यानं रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली, फॉर्म मांडीवर घेतला आणि रकान्यात लिहिलं: माझ्याकडे. खंडेनवमीच्या पूजेत ठेवली होती. खाली सही केली. आणि मग तो पिंपरीला गेला.

धम्मरत्नचे वडील भिवा कॉटवर बसून पेपर वाचत होते. पिंपरीतल्याच एका कारखान्यात बत्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस, अजून सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बसतो. कस्तुराबाईंनी पाणी आणून दिलं. धम्मरत्ननं फॉर्म उभ्यानंच वाचला, घडी घालून परत दिला.

"चावी ताटात आहे हे मी तेव्हाच बघितलं होतं," तो म्हणाला. "दारातून दिसत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणापुढं? आरती चाललेली. मी आत येऊन म्हणू, ताटातली चावी काढा? मीच?" तो हसला नाही. "तुला बसमधे सांगितलं की. तुझं तू नीट करशील म्हणून."

"गेटपास घेताना विचारलं, तेव्हा तरी सांगायचंस."

"सांगितलं असतं तर चावी राहिली असती बाजूला. पूजेला नावं ठेवतो म्हणून धरलं असतं मला. त्यापेक्षा माहीत नाही म्हणालो."

आपण बसमधे जे ऐकलं ती धमकी नव्हती, ती सवलत होती, आणि आपण तीच दुसऱ्या दिवशी त्याच्याविरुद्ध वापरली, हे गणराजला आता, पाण्याचा ग्लास हातात धरलेला असताना, एकेक शब्द सुटा करून सांगितल्यासारखं कळत होतं. भिवांनी पेपर बाजूला ठेवला. "मला जरा समजंल असं सांगा," ते म्हणाले. "माझ्या पोरानं केलं न्हाई, बरोबर?"

"नाही केलं, काका. कुणीच केलं नाही. चावी मी काढली होती, म्हणून झालं."

"बरं. मग ह्याचं नाव कुणी घेतलं?"

"बाबा, जाऊ द्या," धम्मरत्न म्हणाला. म्हणजे यानं घरात सांगितलंच नव्हतं! चार दिवस घरी बसला, बापानं विचारलं असणार, आईनं विचारलं असणार, आणि यानं गणराजचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. गणराजनं ग्लास खाली ठेवला.

"मी घेतलं," तो म्हणाला.

कस्तुराबाई दारात होत्या, त्या तिथंच राहिल्या. भिवा ओरडले नाहीत, उठले नाहीत. मग त्यांनी हात पुढं केला, फॉर्म घेतला, चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत वाचला.

"ह्यात चावीचं हाय," ते म्हणाले. "नाव घेतल्याचं कुठं हाय?"

"त्याला रकाना नाही, काका."

"रकाना नसंल. खाली जागा हाय की." त्यांनी कागद परत दिला, खिशातला पेन काढून दिला. "तोंडी बोललेलं गेटाबाहेर येईपतुर टिकत न्हाई साहेब. बत्तीस वर्सं काढली मी. ल्ह्या."

गणराज खाली जमिनीवर बसला, कॉटच्या कडेवर कागद ठेवला आणि लिहायला लागला. धम्मरत्न खिडकीशी जाऊन उभा राहिला होता, पाठ करून. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती सुरू होत नव्हती. 'माझी चूक झाकण्यासाठी मी धम्मरत्न यांचं नाव घेतलं. ते पूजेला उभे राहत नाहीत, एवढाच माझ्याकडे पुरावा होता.' सही वर होऊन गेली होती, म्हणून त्यानं खाली पुन्हा एकदा सही केली.

"आता वाचा," भिवा म्हणाले. "मोठ्यानं. तिला बी ऐकू द्या."

त्यानं वरपासून वाचलं. चावीपर्यंत ठीक गेलं. शेवटचं वाक्य त्याला दोनदा वाचावं लागलं, पहिल्यांदा आवाज फुटला नाही.